पळस की तूर

९ फेब्रुवारी, रविवार

निशिगंधा मॅडमनं आज एक वही दिली. निळा पुठ्ठा, आत रेघा. म्हणे, "मैनाताई, भट्टीचं रोजचं यात लिहायचं. खडा किती भरला, लाकूड कोणतं, धूर कसा, आग कशी." मी म्हटलं, मॅडम, मी चौथी शिकलेली बाई, माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. ती म्हणे चालेल, तुमच्याच शब्दांत पाहिजे.

तर भट्टीचं निळ्या वहीत. ही वही वेगळी. नात खुशी तिच्या बापासंग पुण्याले गेली तेव्हा अर्धी कोरी टाकून गेलती. समोरच्या पानांवर तिचे पाढे आहेत, मागून मी लिहून राह्यली. घरात बोलायले कोणी नाही. मारोतराव जाऊन चार वर्षं झाली. ते होते तेव्हाही मीच बोलायची अन् ते तंबाखू मळायचे, पण समोर कोणी असायचं.

काम असं आहे. घाटंजीच्या रस्त्यावर जुनी पायविहीर आहे, पायऱ्यांनी खाली उतरायची. तिचे दगड सुटले. मागं कोणीतरी सिमेंट थापलं, ते दोन वर्षांत पापुद्र्यासारखं उडालं. मॅडमचं मंडळ ती आता चुन्यानं सांधणार. अन् चुना पाहिजे लाकडावर भाजलेला, काळ्या मातीतून निघते त्या खड्याचा. तसा चुना भाजणारी भट्टी ह्या बाजूले आमचीच उरली. तीही मारोतराव गेल्यापासून थंडी. आत रुई उगवली.

मी हो म्हटलं. इचार करत बसणारी मी नाहीच.

१६ फेब्रुवारी, रविवार

उकंडाभाऊच्या घरी गेली. हे माझ्या सासऱ्याच्या काळापासून आमच्या भट्टीवर. भट्टी आमची, आग उकंडाची, असं मारोतराव म्हणायचे. चाळीस वर्षं त्या माणसानं भट्टीच्या तोंडाशी बसून लाकूड सारलं, कधी कच्चा माल निघाला नाही. मॅडम पायविहिरीवर त्याइचा सत्कार करणार आहे. मग चार गावची पोरं आणून त्याइच्या हाताखाली शिकवणार. कागदावर छापलंही, उकंडा मिस्त्री म्हणून.

त्याइच्या बायकोनं, कांताबाईनं, चहा दिला अन् ती आत गेली. तशी उकंडाभाऊ हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, एक सांगतो. मले उजेड दिसते, मानूस दिसते. रंग नाई दिसत आता. लाल का पिवळा, सगळं एकच."

मले रागच आला. हे आधी सांगायचं ना. मी मॅडमले शब्द देऊन बसली.

रंगाचं इथं लिहून ठेवते. भट्टी पेटवली की आतली आग पळसाच्या फुलासारखी असते, लालभगवी. तोपर्यंत खडा कच्चा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती तुरीच्या फुलासारखी पिवळी होते. तूर झाली की चार-पाच तास तशीच चालू द्यायची, मग तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. त्याआधी बंद केली तर मधला खडा गोटाच राहते. एवढीच विद्या आहे. पण ती डोळ्याची आहे.

मी म्हटलं, "रंग मी सांगीन. तुमी इचारा, मी सांगते, ठरवा तुमी. मॅडमले काही बोलायचं नाही. तिले कळलं तर दुसरा मिस्त्री आणीन."

"धम्मरत्नले पन नाई सांगतलं मी." धम्मरत्न म्हणजे त्याइचा पोरगा.

"मंग झालं तर."

त्याइनं कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमचे डोळे चांगले हाय, वहिनी. पन तुमाले दम नाई." अन् हसले. मीही हसली. खोटं नाही ते. माझा भात नेहमी कणीदार उतरते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भट्टी भरणं चालू आहे. खाली बाभळीचे ओंडके, त्यावर खडा, पुन्हा लाकूड, पुन्हा खडा, फटीत कपाशीच्या पऱ्हाट्या. माझ्यासंग जमनी आहे. कोलामाइच्या वस्तीवरची, पोडावरची बाई, माझ्याच वयाची, सगळ्याइले तूच म्हणते, साहेबालेही.

मी टोपली उचलून धाडकन ओतली की जमनी म्हणते, "बाई, तू खडे भरून राह्यली का कोनावर फेकून राह्यली?"

"तोंड कमी चालव, हात चालव."

"माहे दोनी चालते. तुहे एकच चालते."

उकंडाभाऊ वरून हात फिरवतात. मी ओतलेल्या खड्यातून त्याइनं एक काढला, दुसऱ्यावर आपटून कानाशी नेला. "हा जाड हाय. फोडा." फोडला. दुसरा काढला. तोही फोडला. अशानं महिना लागीन. मी म्हटलं, दोन जाड खडे राह्यले तर विहीर पडणार आहे का? त्याइनं तिसरा काढला.

३ मार्च, सोमवार

सकाळी पेटवली. मी नारळ फोडला. उकंडाभाऊ बाजूले हात जोडून उभे राहतात, नारळाशी त्याइचं काही नाही, खोबरं मात्र मागून खातात. मारोतराव यावरून त्याइले चिडवायचे. आज कोणी चिडवलं नाही म्हणून मीच चिडवलं. ते म्हणाले, "खोबऱ्याले कोनता धर्म असते, वहिनी."

मॅडम बुधवारी येणार, नागपूरचे दोन पाहुणे अन् कॅमेरेवाला घेऊन. बंद करताना त्याइले पाहायचं आहे. मी म्हटलं, या चार वाजता, तोपर्यंत होते. उकंडाभाऊले इचारलं नाही. तीन दिवस म्हणजे तीन दिवस.

४ मार्च, मंगळवार

तासातासाले "रंग?" अन् मी "पळस". वीसदा तरी झालं. ते इचारतात, मी सांगते, तरी दरवेळी उठून भट्टीच्या भिंतीले कान लावतात. कच्चा खडा आत तडतडते, भाजला की गप्प होते, म्हणे. मी म्हटलं, कायले कान भाजता, मी सांगून राह्यली ना? ते म्हणाले, सवय हाय.

पाय सुजले.

५ मार्च, बुधवार

चार वाजता भट्टी बंद केली. तोंड लिंपलं. मॅडमनं फोटो काढले. निळ्या वहीत लिहिलं, आग तूर, बंद. पाहुणे खूश होते. थकली.

७ मार्च, शुक्रवार

परवाचं पुरतं लिहिलं नाही. ही वही माझीच आहे, इथं कोणाले भ्यायचं.

आग पळस होती.

चार वाजले होते. मॅडम मागं उभी. पाहुणा घड्याळ पाहत होता, त्याले नागपूरले परत जायचं होतं. उकंडाभाऊ तोंडाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "रंग?" मी वाकून पाह्यलं. लालभगवी. पळसच. कडेले जराशी पिवळी होती, तेही खरं म्हणायचं तर लाकूड नवीन टाकलं म्हणून. मी म्हटलं, "तूर."

त्याइनं पुन्हा इचारलं. "तूरच ना, वहिनी?"

"तूर. सकाळपासून तूर आहे."

हे दुसरं तर कोणी मागितलंही नव्हतं. मी होऊन जोडलं. सकाळपासून म्हटलं म्हणजे चार-पाच तास झाले असा त्याचा अर्थ झाला.

ते उठले, भिंतीले कान लावला. आत तडतड चालू होती, मलेच लांबून ऐकू येत होती. बराच वेळ कान लावून उभे होते. मग माझ्याकडे तोंड केलं. मी तिकडं मॅडम उभी आहे हे पाहत होती. ते म्हणाले, "तुमी पाह्यलं ना. मंग करा बंद." त्याइचा कानही गेला वाटते आता.

काहून केलं ते मी दोन दिवसांपासून शोधून राह्यली. लाकूड कमी होतं, असं म्हणून पाह्यलं. नव्हतं. दीड गाडी होतं. पाहुण्यांसाठी, असं म्हणून पाह्यलं. पाहुणे उद्या पुन्हा आले असते नाही तर नसते आले, त्यानं काय बिघडत होतं. मले कंटाळा आला होता. एवढंच आहे. मले बसायचं होतं.

निघताना जमनीनं माझ्याकडे पाह्यलं. ती लाकूड द्यायले माझ्या बाजूलेच उभी होती. तिचे डोळे चांगले आहेत.

कदाचित झालाही असन खडा. जराशी पिवळी होती.

११ मार्च, मंगळवार

भट्टी उघडली.

वरचा थर चांगला. हलका, पांढरा, वाजवला की मडक्यासारखा वाजे. मॅडम टाळ्या वाजवत होती. मग जमनीनं मधले खडे काढले. भरताना होते तसेच जड. मॅडमनं एक खडा बादलीत टाकला. चांगला खडा पाण्यात सूं करून उकळते, फुटते, पिठासारखा होते. हा बुडाला अन् तसाच बसून राह्यला. दुसरा टाकला. तिसरा. बादलीत नुसते गोटे. अर्ध्याहून जास्त भट्टी कच्ची.

मॅडमचं तोंड पाहवलं नाही. ती म्हणाली, "असं कसं झालं? मैनाताई?"

माझ्या तोंडून निघालं, "उकंडाभाऊले रंग दिसत नाही आता. बंद करा असं त्याइनंच सांगितलं."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी घरी येऊन मोजून पाह्यलं, एकही शब्द खोटा नाही. तरी जेवण गेलं नाही.

तिथं गावातले आठ-दहा जण होते. सगळे उकंडाभाऊकडे वळले. ते हातातला कच्चा खडा चाचपत होते. म्हणाले, "हो, मॅडम. माह्या डोळ्याचा दोष. आधी सांगाले पायजे होतं." खडा खाली ठेवला, हळूच, जसा काही फुटीन. खांद्यावरचा दुपट्टा झटकला अन् गेले. वाटेत बाभळीचा ओंडका पडला होता, त्याले अडखळले. कोणीतरी हसलं.

जमनी कच्चे खडे एकीकडे काढत राह्यली. 

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. पोरांनी पळसाची फुलं उकळून रंग केला. दारात उभी होती तर माझ्यावरही टाकला. लुगडं लालभगवं झालं. दोनदा धुतलं, जात नाही.

यंदा पळस फुललाही मेला कसा. जिकडं पाहावं तिकडं.

१६ मार्च, रविवार

धम्मरत्न आला होता. खाटेवर बसला नाही. उभ्यानंच बोलला.

"काकू, बाबाले दिसत नाई हे तुमाले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग आगीपुढं कायले बसवलं त्याइले? मले एक शब्द नाई सांगतला. गावात पोरं आंधळा मिस्त्री म्हनून राह्यले. म्हनते, मॅडमच्या कामाची माती केली म्हाताऱ्यानं. चाळीस वर्षांत कोनी त्याइले एक शब्द नाई बोललं."

मी म्हटलं, "पोरं काय, चार दिवस बोलतात."

तो म्हणाला, "तुमाले बोलले असते तर?" अन् गेला. पाणीही घेतलं नाही. लहान होता तेव्हा माझ्या हातची भाकर खाऊन आमच्याच भट्टीच्या उबेले झोपायचा.

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी. त्यातून पोरं चार दिवस बोलतात, हे निघालं.

१९ मार्च, बुधवार

कांताबाईनं सळाक आणून दिली. भट्टीतलं लाकूड सारायची ती लोखंडी, माणसाच्या उंचीची. सासऱ्यानं उकंडाभाऊले दिली होती, चाळीस वर्षं त्याइच्याच घरी होती. फडक्यात गुंडाळून आणली.

"हे म्हनाले, भट्टीची चीज भट्टीवर राहू द्या."

"मी मागितली का?"

"नाई. तुमी कुठं मागता." ती अशी बोलते, समजत नाही चांगलं बोलली का वाईट. मग म्हणाली, "दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतात. बाजारात नाई, टपरीवर नाई. रात्री झोपेत इचारतात, रंग? म्हनून. मी काय सांगू? मी कधी भट्टी पाह्यली नाई."

सळाक दाराआड उभी केली. जाता-येता दिसते. माजघरात नेऊन ठेवली तर तिथंही दिसते.

मॅडमचा फोन होता. सत्काराचं राहू देऊ म्हणे. दुसरीकडचा माणूस पाहून राह्यली, त्याच्याजवळ आग मोजायचं यंत्र आहे. सोमवारी येणार, निळी वही घ्यायले. ती मंडळाच्या कपाटात राहीन, पुढच्या माणसाले कामी येईन म्हणे. म्हणजे आग तूर, बंद, हे माझ्या अक्षरात कायमचं राहणार. अन् ते वाचून लोक समजणार, की मिस्त्री आंधळा होता.

२२ मार्च, शनिवार

उकंडाभाऊच्या घरी गेली. सांगायचंच असं ठरवून गेली. रस्त्यानं चारदा म्हणून पाह्यलं. आग पळस होती, मी तूर सांगितलं. एवढं तर आहे.

ते बाहेर बाजेवर बसले होते. माझ्या पायाच्या आवाजानं म्हणाले, "या वहिनी." आवाजावरून ओळखतात. शेजारी विहाराची भिंत अर्धी रंगवून सोडलेली. भट्टी चालू होती तोवर दरसाली पहिलं टोपलं विहाराले जायचं, चौदा एप्रिलच्या आधी उकंडाभाऊ स्वतः पोचाऱ्यानं सफेदी मारायचे. यंदा भट्टी पेटूनही बाजारातून पुडीचा रंग आणला. तो निळसर दिसत होता.

मी म्हटलं, "हा काय रंग आहे? कोणी आणला?"

"पोराइनं. कसा हाय?"

"दवाखान्यासारखा."

ते हसले. किती दिवसांनी हसले असतील, अन् मी तेव्हाही नाही बोलली. तुरीची दाळ आणली होती, ती ठेवली. म्हटलं, नीट शिजवून घ्या. म्हणाले, "तुमी नाई शिजवत नीट, मले सांगता." मग म्हणाले, "वहिनी, मनाले लावून घेऊ नका. भट्टी हाय, होते एखांद्या वेळी."

माझंच सांत्वन करत होते. चाळीस वर्षांचं नाव गेलं त्याइचं अन् मनाले लावून मी घेऊ नको. बिचाऱ्याले काही ठाऊक नाही. मी उठली अन् म्हटलं, म्हैस दोहायची आहे. म्हैस तर दोन वर्षं झाली इकली.

२४ मार्च, सोमवार

मॅडम दहाले आली. भट्टीवरच बसलो, मी, जमनी, मॅडम. गावातले रिकामे पाच-सात जण, ते असतातच. धम्मरत्न आला, मॅडमच्या कागदावरचं बापाचं नाव काढा म्हणून सांगायले. उकंडाभाऊ त्याच्यामागं आले, पोरानं तमाशा करू नये म्हणून. भिंतीच्या कडेले बसले.

मॅडमनं वही मागितली. मी दिली नाही. उघडली अन् पाच मार्चचं पान काढलं. आग तूर, बंद. पेन नव्हता. मॅडमचाच मागितला. तूरवर रेघ मारली अन् त्याच्यावर पळस लिहिलं. पळसचा ळ दोनदा लिहिला, पहिला वाचता येत नव्हता.

मॅडम म्हणाली, "हे काय करताय?"

"आग पळस होती. मी त्याइले तूर सांगितलं."

"पण बंद करायला मिस्त्रींनीच..."

"माझ्या तोंडचं आयकून सांगितलं त्याइनं. रंग मीच सांगायची. त्याइले दिसत नाही हे तुमच्यापासून लपवायचं, हेही मीच ठरवलं होतं."

"खोटं का सांगितलंत पण?"

"कंटाळा आलता."

मले वाटलं होतं मोठं कारण काढीन, पाय सुजले म्हणीन, पाहुण्यांचं नाव घेईन. निघालं ते हेच.

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि आज?"

"आज जास्त वाटते."

जमनी गुडघ्यावर हात मारून म्हणाली, "झालं! एवढ्याशा गोष्टीले तेरा दिवस. भट्टी भाजली असती तितक्यात तीनदा." मग माझ्याकडे न पाहता, "मी पन बोलली नाई. तुह्या घरचं काम होतं ना मले. मले पन धर त्यात."

धम्मरत्न उठून उभा राह्यला. वाटलं अंगावर येते. म्हणाला, "इथं आठ मानसापुढं सांगतलं, काकू. नाव तर घरोघरी गेलं बाबाचं. घरोघरी जाऊन सांगसान का?"

मी म्हटलं, सांगते.

मॅडम उठली, फोनवर कोणाशी बोलत फिरली. परत येऊन म्हणाली, अजून एकदा भट्टी लावू. यंत्रवाला मे महिन्याशिवाय येत नाही. "पण आगीचा रंग आता दुसऱ्या कुणीतरी सांगायचा. जमनीबाई सांगतील."

तेव्हा उकंडाभाऊ पहिल्यांदा बोलले. "नाई. रंग वहिनीच सांगतीन. नाई तर मी बसत नाई."

मॅडमनं समजावलं. धम्मरत्न ओरडला. ते तेवढंच पुन्हा म्हणाले. मग मले इचारलं, "लाकूड किती हाय?"

"दीड गाडी."

"दोन लागन." 

बस. माझ्या सांगण्यावर एक शब्द नाही. रागावलेही नाहीत. मी पायाशी वाकली तर पाय मागं घेतले. "ते नका करू."

२७ मार्च, गुरुवार

तीन दिवस घरोघरी फिरली. सव्वाशे घरं आहेत. उंबऱ्यात उभी राहायची अन् सांगायची. उकंडाभाऊची चूक नव्हती, मी रंग खोटा सांगितला.

मले वाटलं थुंकतील. कोणी थुंकलं नाही. बरेच जण म्हणाले, बरं बरं, चहा घे. काही हसले. टपरीवरचा पोरगा तंबाखूचा खर्रा घोटता घोटता म्हणाला, मैनाकाकू, आता इलेक्शनले उभ्या राहून राह्यल्या का? पण आमच्या आळीतल्या दोघी-तिघींनी हात धरून आत नेलं अन् हळूच सांगितलं, "कायले आपलं नाव खराब करून घेतं बाई. त्याइचं काय, चार दिवसानं इसरतीन. ते काही आपल्यातले आहेत का?"

मी चहा न पिता उठली. मोठ्या तोऱ्यात उठली. पण रस्त्यात मधेच थांबली. उघडलेल्या भट्टीपुढं मी तोंड उघडलं तेव्हा मले पक्कं ठाऊक होतं, की लोक माझं खरं धरतील अन् त्याइचं धरणार नाहीत. इचार करायले वेळ नव्हता तरी तेवढं ठाऊक होतं. त्या बायकांनी माझ्याच मनातलं मले सांगितलं.

हे निळ्या वहीत लिहायचं का, कळत नाही. इथं लिहिलं.

सळाक स्वतः नेऊन दिली. उकंडाभाऊनं फडकं सोडलं, वरून खालपर्यंत हात फिरवला अन् म्हणाले, "गंज चढवला तुमी." आठ दिवसांत कुठला गंज.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी पेटवली. ह्या वेळी जाड खडे मीच काढून फोडले. जमनी म्हणे, बाई बिमार हाय का?

मॅडम आली नाही. म्हणाली, झालं की कळवा. कोणाले बोलावलं नाही. उकंडाभाऊनं खोबरं मागून खाल्लं.

३ एप्रिल, गुरुवार

आज तिसरा दिवस. भट्टीपाशी बसूनच लिहून राह्यली, वही मांडीवर आहे. ऊन कडक, वर भट्टीची धग. पाय पुन्हा सुजले. आता चारच वाजले असतील, सावली बाभळीपाशी आली आहे.

सकाळी सहापासून पळस आहे. वाटते पिवळी झाली, वाकून पाहते, पळस. जमनीले इचारावं वाटते, पण रंग मी सांगायचा आहे. लाकूड टाकल्यावर लगेच पाहत नाही मी आता, जळू देते, मग पाहते. बारा वाजता मले खरंच तूर दिसली. ओठावर आली होती. पुन्हा वाकली. भुवईचे केस जळले. पळसच.

ही तूर व्हायले उद्याची दुपार लागीन, कदाचित परवा. मागच्या वेळीही तेवढंच लागलं असतं.

एक सांगायचं राह्यलं. ह्या तीन दिवसांत उकंडाभाऊनं एकदाही भिंतीले कान लावला नाही. बसल्या जागी बसून आहेत, सळाक मांडीवर आडवी. मी म्हटलं, इसरले का? सवय होती ना तुमची. ते म्हणाले, "आता कायले." म्हातारपण आहे, उठणं होत नसन.

आत तडतड चालू आहे.

आता इचारलं त्याइनं, "रंग?"

"पळस."